बागेला आधी माळी द्या

वस्तीतल्या बागेच्या कुंपणाला हिरवे पत्रे लागले, की आठवड्याभरात तिथे दोन पक्ष तयार होतात. एकाचं म्हणणं, इतकी वर्षं अर्ज करून थकलो, आता कुठे चालायला नीट ट्रॅक होईल, दिवे येतील, पोरांना नवे झोपाळे मिळतील. दुसऱ्याचं म्हणणं, होतं ते काय वाईट होतं, आता झाडांची मुळं तोडतील, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवतील आणि पाच वर्षांनी पुन्हा हेच पत्रे लावतील. मुंबई-पुण्यात हे भांडण मी सोसायट्यांच्या बैठकांत, वॉर्ड ऑफिसच्या बाकावर आणि बागेच्या फाटकाशी ऐकलं आहे. दोन्हीकडची कळकळ खरी असते आणि दोन्हीकडे तथ्य असतं. पण दोघेही बाग कशी दिसावी यावरच भांडत राहतात. काम पुरं झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या रोपांना पाणी कोण घालणार, झोपाळ्याची साखळी तुटली तर ती किती दिवसांत बदलली जाणार, दुपारी फाटक उघडं राहणार की कुलूप लागणार, हे विषय बैठकीत निघतच नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. देखभालीची माणसं, पाणी आणि पैसा आधी ठरावा, बाग किती वेळ उघडी राहील ते ठरावं, आणि आराखडा त्यानंतर यावा. ज्या प्रस्तावात पुढच्या पाच वर्षांच्या निगराणीचा हिशेब नाही, त्याला नागरिकांनी हरकत घ्यावी, मग तो कागदावर कितीही देखणा असो.

बागा बिघडतात कशामुळे, हे आधी पाहू. महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली खर्च आणि महसुली खर्च अशा दोन वाटण्या असतात. नवी भिंत, नवा ट्रॅक, नवं कारंजं हा भांडवली खर्च. माळ्याचा पगार, खत, पाणी, गवत कापायच्या यंत्राचं इंधन, दिव्याचं बिल हा महसुली. भांडवली खर्च वाढला की शहराचा विकास झाला असं मानलं जातं आणि महसुली खर्चाला कात्री लावणं हे काटकसरीचं लक्षण ठरतं. त्यात खासदार निधीची भर पडते. ही योजना 1993 पासून चालू आहे आणि ती मुळातच टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी आखलेली आहे. तिच्यातून बागेत ओपन जिम बसवता येतं, पण त्या जिमच्या सांध्यांना दर दोन महिन्यांनी वंगण घालणारा माणूस ठेवता येत नाही. त्यामुळे बागेची अवस्था रोजच्या भाजी-भाकरीला पैसे नसलेल्या, पण दर पाच वर्षांनी घरासमोर लग्नाचा मांडव पडणाऱ्या कुटुंबासारखी झाली आहे.

यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते माळ्याचं. कायम नोकरीतले माळी निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा बहुतेक ठिकाणी भरल्या गेल्या नाहीत आणि काम कंत्राटावर गेलं. कंत्राटी कामगार मेहनत करत नाहीत असं मला अजिबात म्हणायचं नाही, उन्हातान्हात तेच राबतात. पण कंत्राट बदललं की माणूस बदलतो, आणि त्याच्याबरोबर बागेची माहितीही निघून जाते. कुठल्या कोपऱ्यात जुलैत पाणी तुंबतं, कुठल्या करंजाला वाळवी लागली होती, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे पुरलेला आहे, संध्याकाळी सातनंतर कुठल्या बाकाकडे बायका फिरकत नाहीत आणि का, हे सगळं एका जागी दहा वर्षं काढलेल्या माळ्याला तोंडपाठ असतं. निविदेच्या कागदात ते कुठेच उतरत नाही. नूतनीकरणाचा आराखडा करणारा वास्तुविशारद जागेवर येतो, मोजमाप घेतो, फोटो काढतो. माळ्याशी तो अर्धा तास बोलला, तर निम्म्या चुका तिथेच टळतील.

आणि त्या चुका एकसारख्या असतात. मातीची वाट उखडून तिथे सिमेंटचा थर आणि वर पेव्हर ब्लॉक येतात. दोन-तीन पावसाळ्यांत खालची माती खचते, ब्लॉक वरखाली होतात आणि ज्या ज्येष्ठांसाठी ट्रॅक केला असं सांगितलं जातं, तेच त्यावर ठेचकाळतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दाबून बसवलेल्या मुरमाची वाट कितीतरी बरी, पण तिच्यावर दर वर्षी पावसाळ्यानंतर मुरूम टाकावा लागतो. तो कोणी टाकणार नाही हे गृहीत धरून कायमचं सिमेंट ओतलं जातं. समुद्राजवळच्या वस्त्यांत लोखंडी व्यायामाची साधनं खाऱ्या हवेनं गंजतात. मुलांच्या खेळायच्या जागी टाकलेला रबरी गालिचा एप्रिलच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देतो, तिथे साधी वाळू असती तर ती चाळून बदलता आली असती. कारंजी तर मी बंद पडलेलीच जास्त पाहिली आहेत. पंप जळतो, तो दुरुस्त करायला वेगळा ठेका लागतो आणि टाकीत साचलेल्या पाण्यात डास होतात.

झाडांचं दुःख याहून मोठं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला की बुंध्याभोवती एक मीटरची जागा काँक्रीटमुक्त ठेवावी. त्यानंतर देशभर या अंतराचा दाखला दिला जातो. तरी बागेतच, जिथे मातीला तोटा नसायला हवा, तिथे वडा-पिंपळाभोवती बसायचे गोल ओटे बांधून बुंधे आवळले जातात. ओटा छान दिसतो, लोक बसतात, आणि सात-आठ वर्षांनी वादळी पावसात झाड मुळासकट आडवं होतं. मग म्हणायचं, झाड म्हातारं झालं होतं. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी 1975 पासून कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं. पण हा कायदा तोडण्यावर लक्ष ठेवतो. मुळांवर ओतलेल्या काँक्रीटनं हळूहळू मरणाऱ्या झाडाची नोंद कुठे होत नाही. नूतनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला बागेतल्या झाडांची क्रमांकवार यादी जोडावी आणि प्रत्येक झाडाच्या घेराभोवती खोदकाम कुठपर्यंत येणार ते नकाशात दाखवावं, एवढी मागणी कुठलीही वस्ती करू शकते. ती अवघड नाही. आजवर कोणी लावून धरली नाही, इतकंच.

एवढं वाचून मी नूतनीकरणाच्याच विरुद्ध आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. आपल्या जुन्या बागा अनेक लोकांसाठी बंदच होत्या, हे जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे. फाटकाशी दोन पायऱ्या आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेला फिरता लोखंडी अडसर, की चाकाची खुर्ची तिथेच थांबली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला, सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम करायचं बंधन त्यानं घातलं, आणि आपल्या वस्तीतल्या बागेला अजून साधा उतार नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, असलं तर कुलूपबंद किंवा पाण्याविना. प्यायच्या पाण्याची टाकी आहे, पण तिची तोटी गेली आहे. या गोष्टींसाठी तोडफोड करावी लागली तर जरूर करावी. माझ्या मते नूतनीकरणाच्या यादीत पहिली जागा स्वच्छतागृहाची, दुसरी पाण्याची, तिसरी उताराची, आणि या तिन्हींची निगा ठरल्यावर उरलेल्या पैशात बाकीचं. कमानी, सेल्फी पॉइंट आणि रंगीत दिव्यांच्या माळा यांना त्या यादीत जागा देऊ नये.

आता फाटकाकडे येऊ, कारण माझ्या दृष्टीनं खरा वाद तिथे आहे. पुण्यातल्या अनेक बागा सकाळी दहा-अकराच्या सुमारास बंद होतात आणि दुपारी चारनंतर उघडतात. मुंबईतही दुपारची कुलपं मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज ज्या तासांत असते, नेमक्या त्याच तासांत शहरातली सावली कुलपाआड जाते. त्या वेळी बागेची गरज कोणाला असते? सकाळची चार घरं उरकून संध्याकाळच्या कामाची वाट पाहणाऱ्या बाईला. दोन फेऱ्यांच्या मधे दुचाकी लावून पाठ टेकू पाहणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला. एका खोलीत सहा माणसं राहतात म्हणून अभ्यासाला जागा शोधणाऱ्या मुलीला. रिक्षाचालकाला, गवंड्याला, वॉचमनला. यांच्यापैकी कोणी सोसायटीच्या बैठकीला येत नाही, कारण त्यांना कोणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी रविवारी सकाळी अकराला त्यांची कामं असतात. जे येतात ते सकाळी सहाला चालणारे आणि संध्याकाळी नातवंडांना आणणारे. त्यांचा हक्क पुरा आहे. पण वस्तीचा आवाज म्हणून फक्त त्यांचाच आवाज आराखड्यात उतरतो.

दुपारी उघडं ठेवलं तर दारुडे येतात, गर्दुल्ले येतात, जोडपी बसतात, ही तक्रार मी प्रत्येक बैठकीत ऐकली आहे. जोडप्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे: दोन सज्ञान माणसं बाकावर बसून बोलत असतील तर त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. या शहरांत त्यांना दुसरीकडे जागा नाही. दारू आणि नशेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. पण कुलूप लावल्यानं तो सुटत नाही, कारण कुंपणावरून चढून येणाऱ्याला बंद बाग उघड्या बागेपेक्षा सोयीची असते. आत दिवसभर एक ओळखीचा माळी आहे, फाटकाशी एक रखवालदार आहे, झाडाखाली बायका डबे खात बसल्या आहेत, मुलं पुस्तकं उघडून बसली आहेत, तिथे नशा करणारा बसत नाही. माणसांचा वावर हीच बागेची राखण. तो वावर टिकवायला पगारी माणूस लागतो, म्हणजे पुन्हा महसुली खर्च, म्हणजे पुन्हा तोच विषय जो नूतनीकरणाच्या बैठकीत निघत नाही.

सरकारला जमत नसेल तर बाग रहिवासी संघटनेकडे द्या, असा उपाय मग पुढे येतो. मुंबईत हा वाद दोन दशकांहून जुना आहे. मोकळ्या जागा खासगी संस्थांना देखभालीसाठी द्यायचं एक धोरण जानेवारी 2016 मध्ये महापालिका सभेनं मंजूर केलं, त्यावर टीकेची झोड उठली, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते थांबवून संस्थांकडे असलेल्या 216 जागा परत घ्यायला सांगितलं. 2023 मध्ये नवा मसुदा आला, पुन्हा हरकती आल्या. विरोध करणाऱ्यांची भीती निराधार नव्हती. आधीच्या धोरणात काही जागांवर क्लबहाउस उभी राहिली, सभासदत्व आलं, आणि सार्वजनिक मैदानावर जायला ओळखपत्र लागू लागलं. दुसऱ्या बाजूला दक्षिण मुंबईतलं ओव्हल मैदानही आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी न्यायालयापर्यंत जाऊन त्या मैदानाची दुर्दशा थांबवली, देखभाल अंगावर घेतली, आणि शहराच्या कुठल्याही भागातला मुलगा बॅट घेऊन तिथे खेळायला येऊ शकतो ही गोष्ट टिकली. म्हणून रहिवाशांच्या हाती काही देऊच नये असं मी म्हणणार नाही. त्यांनी पैसे गोळा करावेत, रोपं द्यावीत, माळ्याच्या कामावर लक्ष ठेवावं, महिन्याच्या महिन्याला फाटकावर हिशेब लावावा. फाटकाची किल्ली मात्र महापालिकेकडेच राहिली पाहिजे. आत कोणी यायचं आणि किती वाजता, हे ठरवायचा अधिकार शेजारच्या चार इमारतींना देता येत नाही, कारण ती जागा त्या चार इमारतींची नाही.

जागेची टंचाई लक्षात घेतली तर हे आणखी टोचतं. केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईकराच्या वाट्याला आज त्यातले दोन चौरस मीटरही येत नाहीत. आणि ही टंचाई सगळीकडे सारखी नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या मुलाला चालत जाता येईल अशी बाग शोधावी लागते. जिथे बागा आहेत तिथल्या नूतनीकरणावर कोट्यवधी खर्च करायचे आणि जिथे नाहीत तिथे आरक्षित भूखंड तसाच पडून ठेवायचा, हा प्राधान्यक्रम बदलायला हवा. दादर, पार्ले किंवा कोथरूडच्या बैठकीत हे बोलणं लोकांना आवडत नाही. तरी बोललं पाहिजे.

हे सगळं बोलायचं कुठे? मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. मधल्या जवळपास चार वर्षांत नगरसेवकच नव्हते. बागांचे प्रस्ताव प्रशासनानं आखले, प्रशासनानंच मंजूर केले, आणि नागरिकांना कळलं ते पत्रे लागल्यावर. शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीला तीन दशकं उलटून गेली. मतदारांनी आपल्या भागापुरतं जमून ठराव करावेत, यासाठी क्षेत्र सभांची तरतूद महाराष्ट्रानं 2009 मध्ये कायद्यात केली. ती प्रत्यक्षात आली असती तर बागेचा वाद व्हॉट्सॲपवर न होता सभेत झाला असता आणि त्याची नोंद राहिली असती. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची, अशी पद्धत आहे. ती चांगली सुरुवात आहे. पण लोक तिथेही बाक, दिवे, पदपथ हेच सुचवतात, कारण अर्जातच काम सुचवायला सांगितलेलं असतं. आमच्या बागेला पूर्णवेळ माळी द्या, अशी मागणी त्या अर्जात बसत नाही. ती बसली पाहिजे.

आता नवे नगरसेवक आले आहेत. त्यांच्याकडे पहिली मागणी ही असावी की निविदा निघण्याआधी किमान महिनाभर आराखडा बागेच्या फाटकावर लावला जावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, नकाशासह. त्यावर एकूण खर्च लिहावा आणि त्याच्याच शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर वर्षीचा खर्च आणि तो कुठल्या शीर्षाखालून येणार ते लिहावं. बैठक बागेतच घ्यावी, एक सकाळी आणि एक दुपारी दोनला. दुपारच्या बैठकीला कोण येतं ते अभियंत्यांनी बघावं. आणि काम संपल्यावर ठेकेदाराची अनामत एका पावसाळ्यानंतर आणि एका उन्हाळ्यानंतर माळ्याच्या आणि नागरिकांच्या शेऱ्यासह सोडावी.

नागरिक मधे पडले की काम रखडतं, असं अधिकारी सांगतात. काही वेळा ते खरं असतं. पण मलबार हिलचं उदाहरण उलटं सांगतं. हँगिंग गार्डनच्या खाली एकोणिसाव्या शतकात बांधलेला जलाशय आहे, ती बाग त्याच्या छतावरच आहे. जलाशय पाडून नव्यानं बांधायचा बेत निघाला तेव्हा बाग कित्येक वर्षं बंद राहणार होती आणि शेकडो झाडांवर गदा येणार होती. लोकांनी हरकत घेतली, आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांचा समावेश असलेली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, जलाशय रिकामा करून आतून तपासला गेला. पुनर्बांधणीची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे, हे मत पुढे आलं आणि पाडण्याचा बेत मागे पडला. प्रश्न विचारले नसते तर धडधाकट बांधकाम पाडून बसलो असतो. वांद्र्याला पटवर्धन उद्यानाखाली भुयारी वाहनतळ बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हाही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. वाहनतळाच्या छतावर दीड-दोन मीटर माती टाकून वर पुन्हा बाग करू, असं अशा प्रस्तावांत सांगितलं जातं. तेवढ्या मातीत हिरवळ येते, झुडपं येतात, पण वडाचं किंवा पर्जन्यवृक्षाचं पूर्ण वाढलेलं झाड त्यावर उभं राहत नाही. मात्र मलबार हिल आणि वांद्र्याकडे वकील आहेत, वर्तमानपत्रांत ओळखी आहेत, न्यायालयात जायची ऐपत आहे. विक्रोळीच्या किंवा हडपसरच्या बागेला हे बळ नसतं. म्हणूनच फाटकावरचा फलक आणि दुपारची बैठक हे नियमात असायला हवं, लोकांच्या ऐपतीवर सोडून चालणार नाही.

सगळ्यात अवघड उदाहरण शिवाजी पार्कचं. 1925 मध्ये महापालिकेनं ते लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा ते माहीम पार्क होतं, 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवरायांचं नाव मिळालं. सुमारे 28 एकरांच्या या मैदानावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, व्यायामशाळा आहे, कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ चालणारे आहेत. दसऱ्याचा मेळावा इथला, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांचा मुक्काम इथला. 2010 मध्ये उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, आणि पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस राखून ठेवण्यात आले. आज तिथला वाद लाल मातीच्या धुळीचा आहे. हिवाळ्यात वारा सुटला की आजूबाजूच्या घरांत धूळ बसते, लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण हैराण होतात. महापालिकेनं पावसाचं पाणी साठवायला विहिरी केल्या, तुषार सिंचन बसवलं, गवत लावलं. धूळ उडतच राहिली. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत गेली, आयआयटीचा सल्ला घेतला गेला. माती खरवडून काढा, असं रहिवासी म्हणतात. खेळपट्टीला आणि मैदानाला माती लागतेच, असं खेळाडू म्हणतात.

रहिवाशांचा त्रास शंभर टक्के खरा आहे आणि तो लवकर थांबला पाहिजे. पण गवत का टिकलं नाही, याचं उत्तर सिंचनाच्या नळ्यांत सापडणार नाही. ज्या जमिनीवर रोज शेकडो मुलं खेळतात, वर्षातून अनेकदा मांडव पडतात, ट्रक फिरतात, तिथल्या कोवळ्या गवताला मूळ धरायला उसंत मिळत नाही. मैदानाचे भाग पाडून पावसाळ्यापासून एकेक भाग आळीपाळीनं विश्रांतीला सोडावा लागेल. त्या काळात कुठल्या क्लबनं आपल्या खेळपट्ट्या दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायच्या, ते ठरवावं लागेल. मांडवासाठी खड्डे खणणाऱ्यांनी ते बुजवून, वर गवत लावून, ते धरेपर्यंत पाणी घालायची जबाबदारी घ्यायला हवी, मग आयोजक कुठल्याही पक्षाचा असो. 6 डिसेंबरला येणाऱ्या लोकांची गैरसोय करून हिरवळ राखायची कल्पना मला मान्य नाही. त्यांच्यासाठी तात्पुरत्या फळ्या आणि जाळ्या अंथरायची सोय महापालिकेनं आपल्या खर्चानं करावी. आणि रोज पहाटे, खेळ सुरू व्हायच्या आधी, पाणी मारायला आणि रूळ फिरवायला माणसं लागतील, कायमची, त्याच मैदानावर नेमलेली. या वाटाघाटींना क्लब, कट्ट्यावरचे लोक, कार्यक्रमांचे आयोजक आणि मैदानावर राबणारे माळी एकत्र बसले पाहिजेत. माती किती इंच काढायची हा प्रश्न त्या बैठकीत शेवटी घ्यावा.